ई-रिक्षा म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचा भाचा पुण्याहून ग्वाल्हेरला परत आला आहे आणि मुरार ते बाडा या मार्गावर सवारी गाडी टाकायची म्हणतो. एक विक्रेता त्याला ई-रिक्षा दाखवतो, दुसरा ई-ऑटो. "नावं दोन, गाडी एकच," असं दोघंही सांगतात, पण किमतीत दुपटीहून जास्त अंतर आहे. मग फरक कशाचा, आणि त्याने कोणती घ्यावी?

गाडी एकच नाही. कायद्यात या दोन गाड्यांचे वर्ग वेगळे आहेत, आणि त्यामुळे सवारींची संख्या, वेग, लायसन आणि बॅटरी या सगळ्यांत फरक पडतो. विक्रेता "एकच" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वस्त गाडी महागड्या गाडीच्या नावावर खपवत असतो. म्हणून भाच्याला आधी शब्द नीट समजावून सांगा.

पुण्यात वाढलेल्या मुलाचा घोटाळा 'रिक्षा' या शब्दापासूनच होतो. महाराष्ट्रात रिक्षा म्हटलं की मीटरची तीनचाकी. सायकल रिक्षा तिथे नागपूरकडे दिसायची, हाताने ओढायची माथेरानला. बाकी ठिकाणी रिक्षा म्हणजे इंजिनचीच. ग्वाल्हेरला मात्र वर्षानुवर्षं स्टेशनबाहेर 'रिक्शा' म्हणजे पायडल मारायची सायकल रिक्षा, आणि इंजिनच्या तीनचाकीला 'ऑटो' असंच चाललं. ई-रिक्षा हे नाव पडलं ते त्या पायडलच्या रिक्षावरून. तिची जागा घ्यायला आलेली, हळू चालणारी, घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडणारी ती गाडी. विजेवर चालणाऱ्या मीटरच्या रिक्षाला इथे ई-ऑटो म्हणतात. म्हणजे पुणेकर ज्या गाडीला मनातल्या मनात ई-रिक्षा म्हणतो, ती ग्वाल्हेरच्या भाषेत ई-ऑटो. इथली ई-रिक्षा ही तिसरीच वस्तू.

'टेम्पो'चंही असंच आहे, तेही सांगून ठेवतो, कारण भाचा त्याच मार्गावर उतरणार. पुण्यात टेम्पो सामान वाहतो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माणसं. मूळ नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या तीनचाकी बनवणाऱ्या कंपनीचं. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि त्या जर्मन तीनचाकीवरून हे नाव आपल्याकडे रुळलं. ग्वाल्हेरचा टेम्पो मात्र बहुतेक करून लखनौच्या स्कूटर्स इंडियाचा 'विक्रम', समोरासमोर बाकं टाकलेला. गाडी वेगळ्या कारखान्याची, नाव दुसऱ्याच्या गाडीचं, आणि कुणाचंही त्यावाचून अडलं नाही. ई-रिक्षा आणि ई-ऑटोच्या बाबतीत मात्र अडतं, कारण नाव चुकलं की कागद चुकतो.

आता कायदा. ऑक्टोबर २०१४ च्या नियमात ई-रिक्षाची व्याख्या आली: बॅटरीवर चालणारं तीनचाकी, चालक सोडून जास्तीत जास्त ४ सवारी, सामान ४० किलोपर्यंत, मोटर २००० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नाही. २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच ई-रिक्षाचं कलम घातलं आणि शक्तीची कमाल मर्यादा ४००० वॅट ठेवली. व्याख्येत गाडीचा हेतूही लिहिला आहे, प्रवासाचा शेवटचा टप्पा गाठून देण्याचा. ई-ऑटो या कलमात बसत नाही. ती एल-५ या वर्गात येते, म्हणजे पेट्रोल, सीएनजी, डिझेलच्या ऑटोच्याच वर्गात, जिथे वेग २५ च्या वर जातो. तिला चालक सोडून ३ सवारींची मान्यता असते.

इथे लोक चकतात. स्वस्त आणि हलकी गाडी चार माणसं नेते, महाग आणि दणकट गाडी तीन! यात चूक काही नाही. ई-रिक्षा समोरासमोरच्या दोन बाकांवर चौघं बसवते ती सावकाश चालायचं आहे या अटीवर. ई-ऑटो पन्नासच्या वेगाने जाऊ शकते, म्हणून तिची बैठक, ब्रेक, सांगाडा वेगळ्या कसोटीला उतरवलेले असतात. एकाच कंपनीची दोन मॉडेलं शेजारी ठेवून बघा: महिंद्राची 'ट्रिओ' ही ई-ऑटो, ७.३७ युनिटांची लिथियम बॅटरी, तीन सवारी. त्याच कंपनीची 'ट्रिओ यारी' ही ई-रिक्षा, ३.६९ युनिटांची बॅटरी, चार सवारी, वेग २५ च्या आत. शोरूममध्ये नुसतं "ट्रिओ द्या" म्हटलं तर कोणती मिळेल हे तुमच्या कागदावर अवलंबून. ई-रिक्षात लिथियम नसतेच असं नाही, हेही यावरून कळेल. बॅटरीवरून वर्ग ठरत नाही.

नंबरप्लेटवरूनही ओळख पटत नाही. भाड्याने चालणाऱ्या बॅटरीच्या गाडीला हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं, दोघींनाही तीच. ओळखायचं आरसीवरून. वाहनवर्गाच्या रकान्यात 'ई-रिक्षा (पी)' लिहिलंय की 'थ्री व्हीलर (पॅसेंजर)' ते वाचा. मग आसनसंख्या: आरसीत चालक धरून आकडा असतो, म्हणून ई-रिक्षाला ५ आणि ई-ऑटोला ४. जुनी गाडी घेताना विक्रेता ई-ऑटो म्हणत असेल आणि आरसीत ५ असेल, तर पुढचं बोलणं थांबवा. नवी घेताना फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला, हे दोन्ही हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गल्लीत सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या गाड्या मिळतात. दिसायला हुबेहूब, पण फॉर्म २२ च नाही, म्हणून ग्वाल्हेरचा एमपी ०७ नंबर कधीच मिळत नाही.

परमिटचं विचाराल तर केंद्राने २०१६ मध्ये ई-रिक्षाला परमिटमधून सूट दिली आणि २०१८ मध्ये बॅटरीच्या सगळ्याच व्यावसायिक वाहनांना. पण २०१६ च्या त्याच आदेशात राज्याला विशिष्ट भागात किंवा रस्त्यावर ई-रिक्षा रोखायचा अधिकार ठेवला आहे. ही ओळ विक्रेता कधीच वाचून दाखवत नाही. बाडा, सराफा, दौलतगंज इथे गर्दी वाढली की पहिली टाच ई-रिक्षावर येते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळेला चालू देतात हे बदलत राहतं. म्हणून गाडी घ्यायच्या आठवड्यात वाहतूक पोलिसांचा चालू आदेश स्वतः वाचा. मागच्या वर्षी काय होतं ते शेजाऱ्याला विचारून भागणार नाही. लायसनचंही बघा: ई-रिक्षासाठी किमान १० दिवसांच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि ते लायसन ई-रिक्षापुरतंच. त्याच्यावर ई-ऑटो चालवली आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी पहिला प्रश्न लायसनचाच काढते.

आता यंत्र. ई-रिक्षाचं दुखणं नव्वद टक्के बॅटरीत असतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

लेड-ॲसिडची ई-रिक्षा असेल तर मागच्या बाकाखाली चार बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट, एकीला एक मालेत जोडलेल्या, मिळून ४८ व्होल्ट. १२० अँपिअर-तासाच्या धरल्या तर ४८ गुणिले १२०, म्हणजे ५७६० वॅट-तास, पावणेसहा युनिटं. एवढी सगळी वापरायची नसतात. लेड-ॲसिड बॅटरी पार तळाला नेली की तिचं आयुष्य झपाट्याने उतरतं. पाऊण वापरली तर सव्वाचार ते साडेचार हजार वॅट-तास. भरलेली गाडी सपाट रस्त्यावर किलोमीटरला ५० ते ६० वॅट-तास खाते. म्हणजे ७५ ते ८५ किलोमीटर. विक्रेता १२० सांगतो तो आकडा रिकाम्या गाडीचा. भिंतीच्या प्लगमधून मात्र ७-८ युनिटं ओढली जातात, कारण चार्ज होताना बरीच वीज उष्णतेत आणि वायूत जाते. बिलाचा हिशोब त्या आकड्यावर करा.

चार बॅटऱ्या मालेत आहेत याचा अर्थ नीट समजून घ्या: चौघींतून एकच प्रवाह जातो. एक अशक्त झाली की बाकी तिघी तिला फरफटत नेतात, आणि चार्ज होताना ती लवकर भरून उकळायला लागते. ग्राहक येऊन सांगतो, "चारही गेल्या." सहसा एकच गेलेली असते.

ती शोधायची कशी? रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून दोन तास थांबा. मल्टिमीटरने प्रत्येकीचं व्होल्टेज स्वतंत्र मोजा, १२.६ ते १२.८ च्या आसपास यायला हवं. या घडीला अशक्त बॅटरीसुद्धा बरा आकडा दाखवते, म्हणून इथे निकाल देऊ नका. चार माणसं बसवून गाडी चाळीसेक किलोमीटर चालवून आणा, मग लगेच परत मोजा. तिघी १२.२ वर आणि एक ११.३ वर, असं दिसलं की चोर सापडला. त्यानंतर बूच उघडून हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजायची नळी, घाला. चार बॅटऱ्यांची मिळून चोवीस घरं, म्हणजे सेल. पूर्ण चार्जला कंपनीप्रमाणे १२४० ते १२८० वाचन येतं. आकडा नेमका किती यापेक्षा चोवीस घरांत मेळ आहे का ते बघायचं. एखादं घर बाकीच्यांहून ३०-४० ने खाली असेल तर तेच घर मेलं आहे. वर्षभर चाललेल्या तिघींबरोबर एक नवीकोरी बॅटरी बसवू नका. नवी अर्धवट भरलेली राहते, जुन्या उकळतात, आणि तीन-चार महिन्यांत नवीसुद्धा जुन्यांच्या रांगेत येते. तितकीच वापरलेली, त्याच क्षमतेची चांगली बॅटरी मिळाली तर ती लावा, नाहीतर चारही बदला.

पहिल्याच क्रमांकाची बॅटरी सारखी जात असेल तर वायरिंग बघा. हॉर्न, दिवे, गाण्याचा डबा हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. त्यासाठी ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर गाडीत दिलेला असतो. तो जळला की मिस्त्री घाईत एका बॅटरीवरून सरळ दोन तारा काढतो. मग ती एकटी दिवसभर गाणी वाजवते आणि बाकीच्या तिघींच्या आधी मरते. कन्व्हर्टर बसवणं चार बॅटऱ्यांच्या मानाने फार स्वस्त पडतं.

पाणी डिस्टिल्डच. इथलं बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात ते परत निघत नाहीत. आणि पाणी चार्ज झाल्यावर घालायचं. आधी घातलं की चार्ज होताना पातळी वर येते, आम्ल बाहेर सांडतं, टर्मिनल गंजतात, सांगाडा सडतो. चार्जिंगच्या आधी प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तर फक्त त्या बुडतील एवढंच घाला. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी बघितलं तरी चालतं, मे महिन्यात आठवड्याला दोनदा. ग्वाल्हेरचा मे म्हणजे ४५ अंश, आणि बाकाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. उलट जानेवारीच्या पहाटे हीच गाडी पंधरा-वीस किलोमीटर कमी चालते. थंडीत रसायन मंदावतं. बॅटरी खराब झाली असं समजून बदलू नका.

एक गोष्ट तर हमखास बघायला मिळते. सकाळी चार्जर काढला, बाक खाली केलं, चालक पुसून-बिसून हँडलजवळ अगरबत्ती लावतो. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघालेला असतो आणि बाकाखाली साठलेला असतो. ठिणगी पुरते. चार्जर काढल्यावर बाक उघडं ठेवून अर्धा तास हवा खेळू द्या, मग अगरबत्ती लावा. नट आवळायचे पाने वापरताना दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा आणि हातातलं कडं काढून ठेवा; दोन टर्मिनलांवर लोखंड आडवं पडलं तर ते तिथेच वितळून चिकटतं.

चढाचं वेगळं. पडावच्या रेल्वे पुलावर चौघांऐवजी सहा माणसं घेऊन ई-रिक्षा चढवली की सपाटीवर जी मोटर २०-२५ अँपिअर खाते ती ६० च्या पुढे ओढते. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर तापतो, आतले मॉसफेट नावाचे स्विच जळतात, गाडी मध्येच उभी राहते, आणि मागे सरकू लागली तर तारेचे ड्रम ब्रेक पुरे पडत नाहीत. चढून आल्यावर बॅटरीच्या केबलांची टोकं हाताने चाचपा. एखादं बाकीच्यांहून गरम लागलं तर ते सैल आहे. आवळा, व्हॅसलीन लावा. न आवळल्यास टर्मिनलचं शिसं वितळतं.

कंट्रोलरमध्ये वेग बांधून ठेवणारी एक तार असते. ती सोडवून गाडी पस्तीस-चाळीसला पळवून देणारे गावात पुष्कळ आहेत. कृपा करून हे करू नका. पुढचा फोर्क, बारीक टायर, ब्रेक हे सगळं २५ साठी केलेलं आहे. वळणावर पुढचं एक चाक आणि वर चार माणसांचं वजन, गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. शिवाय २५ च्या वर गेली की ती ई-रिक्षाच्या व्याख्येतूनच बाहेर पडते, आणि अपघातानंतर तपासणीत ते निघालं तर विम्याची भरपाई अडते.

ई-ऑटोबद्दल दुरुस्तीचं सांगण्यासारखं कमी आहे, कारण रस्त्यावर तिचं फारसं काही करता येत नाही. लिथियम बॅटरी बंद डब्यात, आत तिची स्वतःची नियंत्रक पाटी. ती तापमान, व्होल्टेज किंवा प्रवाह हद्दीबाहेर गेला की गाडी बंद करते. मिस्त्रीने ती टाळून थेट जोडणी केली तर आगीला आमंत्रण. मे महिन्यात फेरी मारून आल्या आल्या चार्जर लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यातून नेल्यावर मोठ्या कनेक्टरांत ओल शिरते, गाडी झटके देते. ते उघडून वाळवणं सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या, नाहीतर हमी जाते. बॅटरी एआयएस-१५६ प्रमाणे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकाप्रमाणे, तपासलेली आहे का ते लेखी घ्या. या नियमाचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू आहे, म्हणून त्याआधी बनलेली जुनी गाडी घेताना हा प्रश्न आधी विचारा. घरी १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. लष्करातल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार असते, ती जमिनीत कुठेच गेलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

मग भाच्याने काय घ्यावं? मार्ग मुरार ते बाडा असेल तर मी ई-ऑटो सांगेन. अंतर मोठं, वाटेत पूल, मोकळ्या रस्त्यावर मागून बस आणि टेम्पो दामटत येतात. २५ च्या वेगाची गाडी तिथे सगळ्यांना अडते आणि स्वतःही धोक्यात राहते. शिवाय रात्री स्टेशनवरून दीनदयाळ नगरची पूर्ण भाड्याची सवारी मिळाली तर ई-ऑटो घेऊ शकते, आणि तीन सवारींच्या कमतरतेची भरपाई तिथे होते. दहा रुपये सवारी धरली तर ई-रिक्षाची फेरी चाळीसची, ई-ऑटोची तीसची. पण लांब मार्गावर ई-ऑटोच्या दिवसाच्या फेऱ्या जास्त होतात, आणि दर वर्ष-दीड वर्षाने चार बॅटऱ्यांचा खर्च अंगावर येत नाही. त्या खर्चाचे पैसे ई-रिक्षावाल्याने पहिल्या दिवसापासून वेगळे टाकायला हवेत. बहुतेक जण टाकत नाहीत, आणि पहिला संच संपला की गाडी विकायला काढतात. जुन्या बाजारात चकचकीत ई-रिक्षा स्वस्तात दिसते ती याचमुळे.

मार्ग बदलून कंपू ते माधोगंज, पाटणकर बाजार, नई सडक अशी गल्लीबोळांची छोटी फेरी करायची असेल, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, तर ई-रिक्षा पुरते आणि शोभते. तिथे पंधराच्या वर वेग कुणालाच मिळत नाही, म्हणून महाग मोटरचे पैसे वाया जातात. फक्त चालू आदेशात तो भाग ई-रिक्षाला मोकळा आहे ना, एवढं आधी बघायचं.

खरेदी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबवायची का, हेही विचारलं जातं. ज्या वर्षी शासन मेळ्यात रोड टॅक्सची सवलत जाहीर करतं त्या वर्षी थांबण्यात अर्थ आहे, पण ती कोणत्या वर्गाच्या वाहनाला लागू आहे ते आदेशाच्या प्रतीत वाचा. तिथेही 'ई-रिक्षा' आणि 'थ्री व्हीलर' या दोन वेगळ्या ओळी असतील. कोटेशन घेताना विक्रेत्याकडून वाहनवर्ग, आसनसंख्या, मोटरची शक्ती आणि बॅटरीची युनिटं या चार गोष्टी शिक्क्यासह कागदावर लिहून घ्या. 'इलेक्ट्रिक सवारी वाहन' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा.